मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते?

पूर्वभागकर
१८ मे २०२५ ची पहाट सोलापुरात कुणी विसरलं नसेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जीव गेले. मालक आणि त्याच्या घरचे, कामगाराच्या घरचे, लहान बाळसुद्धा. सगळे तिथंच राहायला होते. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही, ती इथं मांडतो.

आपला टॉवेल परदेशात जातो. दर ठरताना सूत, रंग, मजुरी, गाडीभाडं सगळं पैशापैशानं मोजतात. कामगाराचा कान, छाती आणि आगीतून बाहेर पडायची वाट मात्र कुणी मोजत नाही. माझ्या वडिलांनी ३१ वर्षं माग चालवला. आज आई त्यांना जेवायला हाक मारत नाही, समोर जाऊन हात हलवते. शेडमध्ये ओठांवरून बोलणं ओळखायची सवय होती, तीच आता घरात उपयोगी पडते. आवाजाची मर्यादा ९० डेसिबल, तीही ८ तासांसाठी. त्यांची पाळी १२ तासांची होती.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये बंधनकारक करार झाला. इमारती तपासल्या, अहवाल जाहीर झाले, दुरुस्ती न करणाऱ्याची ऑर्डर बंद झाली. असा करार आपल्याकडे का नको? माल घेणाऱ्यानं सुरक्षेचा खर्चही द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

चोवीस_माग
पटत नाही. माझे २४ माग आहेत. माझा माल मुंबईचा व्यापारी उचलतो. पुढं तो दुबईला जातो की आणखी कुठं, मला कळत नाही आणि तिकडच्याला माझं नाव माहीत नाही. मग तुमचा करार माझ्या शेडपर्यंत पोचणार कसा? तो थेट निर्यात करणाऱ्या मोठ्यांपुरताच राहील. आणि किलोमागं दोन रुपये वाढवून मागितले की ऑर्डर पानिपतला नाहीतर कराचीला जाते. कामगाराला आधी काम पाहिजे. त्या आगीत मालकही गेला, हे विसरू नका. आम्ही कुणाच्या जिवाशी खेळायला बसलेलो नाही.

शिलाई_सुपरवायझर
दोघांशीही असहमत.

मी आधी जिथं युनिफॉर्म शिवायच्या कामावर होतो, तिथं बाहेरच्या ग्राहकाकडून कारखान्याची तपासणी व्हायची. तारीख आठवडाभर आधी कळायची. त्या दिवशी सकाळी मास्क वाटले जायचे आणि संध्याकाळी मोजून परत घेतले जायचे. मागच्या दारापुढच्या गठाणी आदल्या रात्री हलवायच्या, दुसऱ्या दिवशी परत तिथंच. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत कपड्यांचा कारखाना जळाला. २५० हून जास्त माणसं गेली, खिडक्यांना गज आणि दारं बंद. त्या कारखान्याला काही आठवडे आधीच सुरक्षित असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. म्हणून परदेशी कागदावर माझा भरवसा नाही.

मला अचानक तपासणीला येणारा सरकारी निरीक्षक पाहिजे. पण कायदाच मागं सरकतोय. १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला लागू व्हायची मूळ अट १० कामगारांची होती, नव्या कामगार संहितेत ती २० झाली. सोलापुरातल्या किती शेडमध्ये २० माणसं एका नावावर असतात? एकाच पत्र्याखाली तीन पाट्या लावायच्या, झालं!

विडी_घरकूल
शेडला निदान दार तरी असतं. माझी आई सूप मांडीवर घेऊन घरातच विड्या वळते, तंबाखूची धूळ पाळण्यातल्या लेकरापर्यंत जाते. तिच्याकडं कोणता निरीक्षक येणार? एवढंच विचारायचं होतं.

पूर्वभागकर
ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. विषय काढताना मी घरातल्या कामाचा विचारच केला नव्हता.

सुपरवायझरदादा, कराचीचं उदाहरण बरोबर आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ती तपासणी पैसे भरून घेतलेली होती. कामगारांना त्यात आवाज नव्हता, अहवाल कुणी पाहिला नव्हता. राणा प्लाझानंतरच्या करारात नेमकं हेच बदललं. आणि चोवीस_माग, ऑर्डर कराचीला जाईल म्हणता, तर २०२३ पासून तो करार पाकिस्तानातही लागू झालाय. म्हणजे शेजारी पुढं गेला आणि आपण त्याच्या स्वस्ताईच्या भीतीनं थांबलोय.

शिलाई_सुपरवायझर
करार आला तरी कुलूप आपलंच आहे ना? सुताची चोरी होते म्हणून रात्रपाळीला बाहेरून कुलूप लावतात आणि किल्ली मालकाच्या घरी असते. हे कोणत्या परदेशी ग्राहकानं सांगितलं?

चोवीस_माग
हे मात्र लागलं.

खरं सांगतो, माझ्याकडंही तसंच होतं. आमच्याकडं चोरी झालेली आहे, दोनदा. काल रात्री शेडमध्ये गेलो, मागच्या दारापर्यंत चालून पाहिलं. कांड्यांच्या पेट्या, दोन गठाणी आणि एक मोडका बीम. दिवे चालू असताना मला दारापर्यंत पोचायला वेळ लागला, धुरात काय झालं असतं! पेट्या हलवल्या. कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवायला सुताराला सांगितलंय. याला दर वाढवून मिळायची वाट बघायची गरज नव्हती, हे मान्य करतो.

पण वायरिंगचं काय? सगळ्या वायरींवर कापसाची रुई बसते, बोर्ड तापतो, ठिणगी पडायचा धोका तिथंच जास्त. आख्खी शेड नव्यानं वायर करायची तर माग बंद ठेवावे लागतात, आणि बंद मागाची मजुरी मी कुठून देऊ? व्यापारी एक पैसा वाढवायला तयार नाही. कडी मी लावीन. वायरिंगच्या खर्चात त्यानंही वाटा उचलायला पाहिजे, आणि इथं पूर्वभागकरांचं मला पटायला लागलंय.

शिलाई_सुपरवायझर
व्यापारी देईल तेव्हा देईल. तोवर बोर्डावरची रुई रोज पाळी बदलताना झाडायला एक माणूस लावा.