कुकीच्या डब्यातले पैसे खातं कोण?

ट्रूपची_आई
कालच्या 'गर्ल स्काऊट कुकीज घेऊ नका' या पोस्टला तिथेच उत्तर देणार होते, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेत गर्ल स्काऊट मुली निधीसाठी कुकीज विकतात; त्या सहा डॉलरच्या डब्यातला जेमतेम एक डॉलर ट्रूपला, म्हणजे मुलींच्या गटाला, मिळतो, बाकीचे 'वरचे' खातात, तेव्हा दुकानाबाहेर टेबल मांडून उभ्या पोरींकडून डबा घेऊ नका, त्यांच्या हातात पाचची नोट ठेवा, असा सल्ला होता. खाली टाळ्यांचा कडकडाट.

मी चार वर्षं आमच्या ट्रूपची कुकी मॅनेजर आहे. म्हणजे जानेवारी ते मार्च आमची गाडी बाहेर बर्फात आणि डबे गॅरेजात. तर हिशोब ऐका. आमच्याकडे डब्यामागे ट्रूपला 95 सेंट. साधारण चौथा हिस्सा बेकरीचा. मुलींच्या बक्षिसांचे थोडे. उरलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त, कौन्सिलकडे (आपल्या भागातले ट्रूप चालवणारी गर्ल स्काऊट संस्था). लपवत नाही. पण त्यातूनच कॅम्प चालतो, विमा भरला जातो, माझ्यासारख्या बायांची पार्श्वभूमी तपासली जाते, ट्रेनिंग होतं. आमच्या बारापैकी तीन मुलींना कॅम्पची फी झेपत नाही. ती कोण भरतं वाटतं तुम्हाला? आणि आठ वर्षांच्या मुलीच्या हातात नोट कोंबून तुम्ही तिला काय शिकवणार? माल न देता पैसे घ्यायचे?

डेन्व्हरकर
ती पोस्ट माझीच. 'निम्म्याहून जास्त, लपवत नाही.' आभारी आहे. मग भांडण कशाचं?

माझी मुलगी सहा वर्षं ट्रूपमध्ये होती. आमच्या कौन्सिलने तळ्याकाठचा कॅम्प विकून टाकला. कारण काय, तर देखभाल परवडत नाही. त्याच वर्षी कुकीचा भाव वाढला. मी मीटिंगमध्ये विचारलं, डब्यामागे कॅम्पवर किती जातात? 'वार्षिक अहवाल बघा.' बघितला. त्यात 'कार्यक्रम खर्च' नावाचं एक गलेलठ्ठ खातं आहे, त्यात पगारही आले आणि तंबूही. शिवाय मुलींची वार्षिक वर्गणी 25 डॉलरवरून 2026 साठी 45 आणि 2027 साठी 65 केली. कुकीवर एवढं सगळं चालतं, तर वर्गणी जवळजवळ तिप्पट कशाला?

नियम_वाचणारा
डेन्व्हरकर, तुम्ही दोन वेगळे खिसे एकाच पँटला शिवताय. वर्गणी जाते राष्ट्रीय संस्थेला. कुकीचा नफा राहतो स्थानिक कौन्सिल आणि ट्रूपमध्ये. राष्ट्रीय संस्था डब्याच्या नफ्यात वाटा मागत नाही, ती बेकऱ्यांकडून रॉयल्टी घेते. परवाना दोनच बेकऱ्यांना आहे, म्हणून तर एका गावात 'समोआज' आणि शेजारच्या गावात तीच कुकी 'कॅरॅमल डिलाइट्स'. ट्रूपला किती सेंट द्यायचे ते प्रत्येक कौन्सिल आपापलं ठरवते. म्हणजे ओरडायचं तर न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय मुख्यालयाकडे तोंड करून नाही, आपल्याच कौन्सिलच्या दारात.

1917 मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगीच्या ट्रूपने घरच्या ओव्हनमध्ये कुकीज भाजून शाळेत विकल्या तेव्हा सगळा पैसा ट्रूपचा होता. 1934 मध्ये फिलाडेल्फियाच्या कौन्सिलने बेकरीकडून करून घेतल्या, 1936 पासून राष्ट्रीय संस्था परवाने देऊ लागली. वाटेकरी तेव्हा आले, काल नाही.

डेन्व्हरकर
रॉयल्टी बेकरी काय स्वतःच्या खिशातून देते? आमच्याच डब्यातून ना? पण बरं, दोन खिशांचा मुद्दा मान्य. वर्गणीचं म्हणणं मागे घेतो.

पाटीपेन्सिल
तुमचं हे डॉलर-सेंट वाचून मला शाळेतली 'खरी कमाई' आठवली. आम्ही स्काऊटचा गणवेश घालून घरोघरी जायचो. 'काकू, काही काम आहे का?' मी एका आजोबांची सायकल पुसली, चेनला तेल दिलं. त्यांनी दोन रुपये दिले आणि कार्डावर लिहिलं, 'काम उत्तम, मडगार्डखाली चिखल राहिला.' ते कार्ड आईने अजून ठेवलंय. डबा मास्तरांकडे जमा. त्यातले किती वर गेले हे विचारायचं सुचलंही नाही. ब्रिटनमध्येही 1949 पासून 'बॉब-अ-जॉब' आठवडा याच धर्तीचा होता. मुद्दा हा की तिथे काम मुलं करायची. इथे? ऑफिसच्या किचनमध्ये आईबापांनी चिकटवलेले ऑर्डर फॉर्म! मुलीला डब्याचा रंगसुद्धा माहीत नसतो.

दोन_मुलींचा_बाप
हे मला उद्देशून आहे का? असेल तर असू दे. हो, मी ऑफिसात फॉर्म फिरवतो. गेल्या वर्षी 340 डबे. माझ्या हाताखालचे लोक तीन-तीन घेतात.

पाटीपेन्सिल
हाताखालचे लोक! वाक्य परत वाचा एकदा. याला विक्री नाही, वसुली म्हणतात.

दोन_मुलींचा_बाप
तुम्ही आम्हाला शहाणपणा शिकवू नका. बाहेर उणे दहा असताना सहा वर्षांच्या पोरीला अनोळखी दारं ठोठवायला पाठवू? तुमच्या आजोबांच्या गल्लीत सगळे ओळखीचे होते.

आणि माझी तक्रार ऐकूनच घ्या. 340 डबे आमचे, दुसऱ्या एका मुलीचे 20. वर्षअखेरच्या सहलीला दोघींना सारखाच खर्च. मी लीडरबाईंना म्हटलं, आमच्या वाट्याचे आमच्या मुलीच्या नावावर ठेवा. त्या म्हणाल्या, तसं चालत नाही. का नाही? कौन्सिल निम्मे घेते ते चालतं, मग जिने कमावले तिला दिलेले का चालत नाहीत?

नियम_वाचणारा
कारण ते तिचे नाहीतच. करमाफी संस्थेला आहे, तुमच्या घराला नाही. व्हर्जिनियातल्या कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबने हेच केलं होतं: जो पालक जितकं विकेल तितके पॉइंट्स आणि तितकी त्याच्या पोराची फी कमी. करखात्याने त्यांची करमाफी काढली आणि 2013 मध्ये टॅक्स कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. लीडरबाईंनी तुमचं ऐकलं असतं तर त्या 340 डब्यांच्या नादात ट्रूप गोत्यात आला असता.

दोन_मुलींचा_बाप
कोर्टाचं राहू द्या. फुकट्यांना सहल मिळते ही वस्तुस्थिती आहे.

ट्रूपची_आई
'फुकट्यांना' हा शब्द मी वाचला आणि दहा मिनिटं फोन बाजूला ठेवला. आमच्याकडे 20 डबे विकणाऱ्या मुलीची आई रात्रपाळी करते. तिच्याकडे फॉर्म चिकटवायला ऑफिस नाही आणि हाताखाली कुणी नाही. ती मुलगी दर शनिवारी बूथवर, म्हणजे दुकानाबाहेरच्या टेबलाशी, चार तास उभी असते. 'डबे घेता का?' म्हणताना पहिल्या वर्षी जमिनीकडे बघायची. यंदा एका गृहस्थांनी 20ची नोट देऊन दोन डबे उचलले, तर तिने आठ डॉलर परत मोजता मोजता तिसराही खपवला. बूथवरचे डबे आम्ही सगळ्यांत वाटून टाकतो, म्हणून तिच्या नावावर 20च दिसतात. आता सांगा फुकटं कोण.

पाटीपेन्सिल
हे बरं झालं लिहिलंत. पण म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? मुलगी शिकली ती बूथवर, बापाच्या फॉर्मवर नव्हे.

दोन_मुलींचा_बाप
आणि तुमची 'खरी कमाई' हल्ली काय असते ठाऊक आहे? शाळेच्या मैदानावर खाऊचे स्टॉल. भेळ आईने घरून कालवून पाठवलेली, पोरं फक्त डिश पुढे करतात. माझ्या भाचीचे फोटो आहेत, टाकू?

पाटीपेन्सिल
टाकू नका. हल्ली असे स्टॉलच असतात, हे माझ्या बहिणीनेही सांगितलंय.

पॉपकॉर्नग्रस्त
कुकीवाले निदान सहा डॉलरमध्ये सुटतात. आमच्या मुलाच्या बॉय स्काऊट पॅकमध्ये, म्हणजे गटात, पॉपकॉर्न. वीस-वीस डॉलरच्या पिशव्या, लोक भाव ऐकून 'नंतर येतो' म्हणतात. आमच्या युनिटला साधारण तिसरा हिस्सा मिळतो, म्हणजे तुमच्यापेक्षा बरा. पण 2020 मध्ये बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका ही संस्था दिवाळखोरीत गेली आणि मला वाटतं सगळे पॉपकॉर्न वकिलांनी खाल्ले.

नियम_वाचणारा
एवढं हलक्यात घेऊ नका हो. ते पैसे लहानपणी अत्याचार झालेल्यांच्या भरपाईचे होते, 80 हजारांवर दावे होते. सुमारे 246 कोटी डॉलरच्या तडजोडीत मोठा वाटा विमा कंपन्यांचा, स्थानिक कौन्सिलांचाही 50 कोटींच्या वर. वकिलांची फी जबर होती, तेवढं तुमचं खरं.

पॉपकॉर्नग्रस्त
विनोद चुकला. मागे घेतला. भाव मात्र मागे घेत नाही.

डेन्व्हरकर
मूळ प्रश्न कुठे वाहून गेला बघा. मी अजून तिथेच आहे. कौन्सिलने निम्मे घ्यावेत की नाही हा माझा वाद नाही (काल तसं लिहिलं होतं, कबूल). धोका कुणाचा आणि हिशोब कुणाला, हा आहे. ट्रूपची_आई, उरलेले डबे कौन्सिल परत घेते का?

ट्रूपची_आई
नाही. कपबोर्डातून (कौन्सिलच्या डब्यांच्या साठ्यातून) एकदा सही करून उचलले की ते ट्रूपचे. ओळखीतल्या दुसऱ्या ट्रूपने गळ्यात घेतले तर सुटका. दोन वर्षांपूर्वी बर्फवादळात दोन बूथ रद्द झाले आणि 63 डबे अंगावर पडले. पैसे कौन्सिलने ठरल्या तारखेला ट्रूपच्या खात्यातून वळते करून घेतले. आम्ही एप्रिलभर शेजाऱ्यांना गाठत होतो. यावर बोलायला हवं हे मी नाकारत नाही. मीटिंगमध्ये बोललेही, मिनिट्समध्ये अर्धी ओळ आली.

डेन्व्हरकर
म्हणजे नफ्यात निम्म्याहून जास्त वाटा आणि तोट्यात शून्य. मी नेमकं हेच म्हणत होतो.

ट्रूपची_आई
नाही, तुम्ही 'डबा घेऊ नका' म्हणत होतात. तुमचं ऐकलं तर 63चे 163 होतील, आणि ते कौन्सिलच्या नाही, माझ्या गॅरेजात.

डेन्व्हरकर
पोस्टचं शीर्षक बदलतो. मजकूर तसाच राहील.

दोन_मुलींचा_बाप
मोठ्या मुलीच्या ट्रूपने यंदा बक्षिसं नाकारली, म्हणजे टेडी आणि टी-शर्टांऐवजी डब्यामागे काही सेंट जास्त. मुलींनीच मत देऊन ठरवलं. धाकटीच्या वयाला ती मुभा नाही. कुणाला सुचवायचं असेल तर म्हणून सांगतोय, वाद घालायला नाही.

ट्रूपची_आई
चांगलं सुचवलंत. चला, मी पळते. या शनिवारच्या बूथला 2 ते 4 मध्ये दोन मोठी माणसं हवीत, शीट दहा दिवस रिकामी आहे. दोन_मुलींचा_बाप, तुमची धाकटी आमच्याच ट्रूपमध्ये आहे, तेव्हा उगाच टोपणनावामागे लपू नका.

दोन_मुलींचा_बाप
...लिहा माझं नाव. पण फॉर्म ऑफिसात राहणार.