केएफएसमध्ये नसलेला विमा गृहकर्जात घातलाय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. पुण्यात फ्लॅट घेतोय. गृहकर्ज मंजूर झालं तेव्हा बँकेने दिलेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (केएफएस, म्हणजे कर्जाचं व्याज, शुल्कं आणि मुख्य अटी एकत्र सांगणारा कागद) विम्याचा उल्लेखच नव्हता. आता ऐन चेक देताना कर्जाच्या रकमेत ६८ हजारांचा विमा घातलाय. सही केल्याशिवाय चेक नाही म्हणतात.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार केएफएसमध्ये नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मग मी सही केली तर तीच संमती ठरेल का? लेखी हरकत नोंदवून सही केलेलं कुणी आहे का इथे? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जायचं तर आधी बँकेत तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, आणि बिल्डरची मुदत शुक्रवारी संपतेय. आईबाबांची सगळी बचत यात आहे हो.