मदत हवी आहे: वॉशिंग्टन राज्याची पगारी रजा, कपात कमी झाली, आता वसूल करता येते का?

सुपलीभर_तांदूळ:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत पेरोल सांभाळणारं इथे कोणी आहे का? प्रश्न वॉशिंग्टन राज्याचा आहे (डी.सी. नव्हे, सिअ‍ॅटलवालं).

मी एका लहान गावाच्या सिटी हॉलमध्ये पगार काढते. पोलीस, पाणी, रस्ते, सगळी मिळून ३८ माणसं. राज्याच्या पेड फॅमिली अँड मेडिकल लीव्हचा हप्ता पगारातून कापावा लागतो. २०२५ ला दर ०.९२ टक्के होता, १ जानेवारी २०२६ पासून १.१३ झाला. तो सॉफ्टवेअरमध्ये बदलायचा माझ्याकडून राहिला. जानेवारी आणि फेब्रुवारीचे पगार जुन्याच दराने गेले. मार्चचा हिशोब मांडताना रस्ते विभागातल्या एकाची फेब्रुवारीची स्लिप समोर आली: पगार ५,०००, हप्त्यातल्या कर्मचाऱ्याच्या वाट्याची कपात ३२.९०. हवी होती ४०.३६. पोटात गोळाच आला.

आमच्या फायनान्सच्या बाई म्हणतात, "त्यात काय, मार्चमध्ये एकदम कापून टाक." माणशी पंधराएक डॉलर, सगळे मिळून साडेपाचशे-सहाशे. रक्कम फार नाही, पण हे चालतं का?

दुसरं म्हणजे, त्याच माणसाला मुलगी झाली. आज आठ दिवस तो कामावर नाही. बाईंचं म्हणणं, आधी साठलेली सिक लीव्ह संपव, मग राज्याकडे जा. वर हेही, की आपण ५० च्या आत आहोत, जागा राखून ठेवायची सक्ती आपल्याला नाही. माझी बहीण तिकडे जिल्हा परिषदेत आहे, तिला १८० दिवस मिळाले आणि पगार ऑफिसातूनच आला. इथे पैसे राज्य देतं, आपण नुसते कापून भरतो, म्हणून बाईंना वाटतं की आपला काही संबंधच नाही.

जुनी_पेरोलवाली:
अजिबात कापू नका! वेळेवर कापली नाही ती रक्कम मालकाने स्वतः भरायचं ठरवलं असंच कायदा धरतो. पुढच्या पगारातून ती काढता येत नाही. साडेपाचशे डॉलर सिटीच्या खात्यातून जाणार. मार्चपासून नवा दर लावा आणि पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट ३० एप्रिलपर्यंत बरोबर भरा. ५० च्या आत असलात तर मालकाचा वाटा माफ असतो, पण रिपोर्ट आणि कर्मचाऱ्यांचा वाटा माफ नसतो.

सिक लीव्हचं म्हणाल तर सक्ती करता येत नाही. सिटी ती 'सप्लिमेंटल', म्हणजे राज्याच्या पैशांवर वरची भर म्हणून देऊ करू शकते. घ्यायची की नाही ते त्याने ठरवायचं. साधी सिक लीव्ह म्हणून दिलीत तर राज्याकडून येणारी रक्कम कमी होते आणि बाळाच्या बापाचं फुकट नुकसान होतं.

रेनियर_काका:
बाई जुन्या नियमावर अडकल्यात. २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जागा परत द्यावीच लागते. कर्मचाऱ्याला कामावर लागून १८० दिवस झालेले असले म्हणजे पुरे. २०२७ ला हा आकडा १५ होतो, २०२८ ला ८. तुम्ही ३८, म्हणजे आत्ताच आत. आणि सात दिवसांवर गैरहजेरी गेली ना? मग पाच कामाच्या दिवसांत त्याला हक्कांची लेखी माहिती द्यायला हवी. ईएसडीच्या (राज्याच्या रोजगार खात्याच्या) वेबसाइटवर तयार पत्रक आहे, तेच द्या. अर्ज मात्र त्यालाच करायचाय, १२ आठवडे मिळतील.

सुपलीभर_तांदूळ:
ताई, काका, खूप आभार. पत्रक आजच ईमेल केलं आणि एक प्रत त्याच्या घरी पोस्टाने पाठवली. बाईंना नियम छापून दाखवला. दोनदा वाचला, मग म्हणाल्या, "आकस्मिक खर्चात टाक."

एकच राहिलं. उन्हाळ्यात तरणतलावावर वीसेक पोरं लाइफगार्ड म्हणून येतात. ५० च्या हिशोबात तीही मोजायची?

जुनी_पेरोलवाली:
हो. दर ३० सप्टेंबरला मागच्या चार पूर्ण तिमाह्यांची सरासरी काढतात, त्यात ती येतात. एका तिमाहीत ५८ आणि बाकी तीनमध्ये ३८, सरासरी ४३. यंदा सुटलात. पोरं वाढवलीत तर आधी गणित करा.