हामार्तिया : दोष, पाप की चूक?

प्रश्न : ग्रीक नाटकातल्या नायकाबद्दल आमच्या नोट्समध्ये 'हामार्तिया म्हणजे नायकाचा स्वभावदोष' असं दिलंय. मराठी बायबलमध्ये याच ग्रीक शब्दासाठी 'पाप' येतं. शोकांतिकेबद्दल लिहिताना कोणता अर्थ धरायचा?

उत्तर : दोन्ही नकोत. साधा 'चूक' घ्या. मराठीत या शब्दाला तंतोतंत जुळणारं क्रियापद असताना आपण 'दोष' लिहीत राहतो, याची मला खरंच हळहळ वाटते.

'हामार्तिया' आला 'हामार्तानेइन'वरून, म्हणजे नेम चुकणे. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात ट्रॉयचा राजा प्रायम याचा मुलगा अँटिफस एजॅक्स या ग्रीक योद्ध्यावर भाला फेकतो. तो एजॅक्सला चुकतो आणि ओडिसियसचा सोबती ल्यूकस याच्या जांघेत घुसतो. होमरनं तिथे हेच क्रियापद वापरलंय. भाला ल्यूकससाठी नव्हताच, पण मेला तो.

आता आपलं 'चुकणे' बघा. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, गणित चुकतं आणि माणूसही चुकतो. शिवाय 'चुकवणे' म्हणजे टाळणे. सोफोक्लीसच्या नाटकातल्या ईडिपस राजाची सगळी गोष्ट या दोन क्रियापदांत मावते. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, हे डेल्फीच्या देवळातलं भाकीत चुकवायला तो कॉरिंथला परत जात नाही, कारण तिथले राजाराणी आपले आईबाप अशी त्याची समजूत. वाटेत तिठ्यावर रथातला एक म्हातारा त्याच्या डोक्यात पराणी हाणतो, हा उलटून त्याला ठार करतो. तो म्हातारा लायस, त्याचा जन्मदाता.

अ‍ॅरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात म्हणतो की असा नायक सद्गुणाचा पुतळा नसावा आणि दुष्टही नसावा. तो नावलौकिकाचा, भरभराटीत असलेला असावा आणि दुष्टपणामुळे नव्हे, तर मोठ्या हामार्तियामुळे कोसळावा. उदाहरणं देतो ईडिपस आणि दुसऱ्या एका ग्रीक कथेतल्या थायेस्टीसची. 'दोष' माणसात आधीपासून असतो, 'चूक' हातून घडते. हा फरक पुसला की नाटक म्हणजे नायकाला झालेली शिक्षा वाटू लागते. 'पाप' बायबलमध्ये योग्यच आहे, कारण नव्या कराराच्या ग्रीकमध्ये शब्दाला तो धार्मिक अर्थ आहे. सोफोक्लीसच्या नाटकावर मात्र तो लादू नये.

शंका : पण ईडिपस तापट होताच ना? एका फटक्यासाठी माणसं मारली. मग तो दोष नाही?

उत्तर : तापट होता, टायरेसिअस या आंधळ्या भविष्यवेत्त्यावरही तो असाच भडकतो. पण तिठ्यावरचा म्हातारा परका असता, तर त्या रागातून खून झाला असता, ही शोकात्मिका नव्हे. ती घडते कारण समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नाही. 'कोलोनसमधला ईडिपस' या नाटकात म्हातारा, आंधळा ईडिपस स्वतःच सांगतो की माझी कृत्यं मी केली यापेक्षा मी सोसली असंच म्हणावं लागेल. मराठीत आपण 'माझ्या हातून घडलं' म्हणतो ना, 'मी केलं' न म्हणता? तेच.

थीब्जचा राजा क्रेऑन याचा दाखला तुमच्या बाजूनं जास्त बळकट आहे. सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त तो पॉलिनायसीसच्या दफनाला बंदी घालतो आणि ती मोडणाऱ्या त्याच्या बहिणीला, अँटिगनीला, गुहेत कोंडतो. तेव्हा टायरेसिअस त्याला सांगतो की चुकतात सगळेच. चुकल्यावर हेका न धरता जो चूक दुरुस्त करतो, तो शहाणा. म्हणजे तिथेही चूक वेगळी आणि हेका वेगळा. क्रेऑन शेवटी वळतो, पण आधी पॉलिनायसीसचं दफन करतो आणि मग अँटिगनीच्या गुहेकडे जातो. तोवर तिनं गळफास घेतलेला असतो.

आणखी एक : तुम्ही 'शोकांतिका' न लिहिता 'शोकात्मिका' लिहिलंत, ते मुद्दाम?

उत्तर : हो. 'हीच आपली शोकांतिका' हे वर्तमानपत्री मराठीत पक्कं रुजलंय, ते राहू दे. ग्रीक नाटकांना मात्र 'अंत' अडचणीत आणतो. सोफोक्लीसचं 'फिलोक्टिटीस' इ.स.पू. ४०९ मध्ये स्पर्धेत पहिलं आलं. त्याच्या शेवटी देवपदाला गेलेला वीर हेराक्लिस प्रकटतो आणि पायाच्या जखमेनं वर्षानुवर्षं कण्हणाऱ्या नायकाला ट्रॉयला गेल्यावर तू बरा होशील असं सांगतो. तरीही ग्रीकांच्या लेखी ती 'त्रागोदिया'च, म्हणजे ट्रॅजेडीच. त्या शब्दात 'बोकड' आणि 'गाणं' आहे, शेवटाबद्दल काहीच नाही.