मदत हवी आहे: ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी 'डोना नोबिस पाचेम' हे लॅटिन गाणं कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही जालन्याचे, चर्चच्या गायनमंडळात दहावी-बारावीची लेकरं अन् काही मोठी माणसं आहोत. ३१ डिसेंबरला रात्री उपासना असते, बारा वाजता शांतीसाठी प्रार्थना होते. १९६८ पासून कॅथलिक मंडळी १ जानेवारी जागतिक शांतिदिन म्हणून पाळतात, आमचं चर्च प्रोटेस्टंट आहे तरी तो विचार मला फार आवडतो. दरवर्षी 'उपासना संगीत' या मराठी गीतपुस्तकातली गाणी अन् कवी ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं पेटी-तबल्यावर म्हणतो, ती राहतीलच, ती काढून कुणी नवं आणा म्हणलं तर मीच ऐकणार नाही. पण यंदा सोबत डोना नोबिस पाचेम घ्यायचंय, 'आम्हाला शांती दे' एवढेच शब्द, तीन ओळी, तीन गट एकामागून एक सुरू होतात अन् आपोआप हार्मनी बनते.

अडचण अशी की स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) कुणालाच वाचता येत नाही, एकदा दुसरा गट आला की पहिला गट त्यांच्याच ओळीत घुसतो. पुरुष आवाज फक्त दोन. सारेगममध्ये लिहिलेलं कुणाकडं आहे का? पट्टी कोणती धरावी, एफ मेजरमध्ये मुलींना वरचं जमतं पण खालचा पंचम दबतो. तीन मात्रांचा ठेका आहे म्हणून दादरा हलका वाजवावा का नुसत्या आवाजातच म्हणावं? अन् मोठ्या माणसांना आधी कोणती ओळ शिकवावी? ज्यांनी असं बसवलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, तालमी रोज संध्याकाळी चालूच आहेत.