मदत हवी आहे: विमानांची टक्कर टाळणारं मॉडेल, पण पंख आपटला तरी बझर गप्प

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव तालुक्यातले, सांबरा विमानतळाच्या बाजूचे. भाचा नववीत, मराठी माध्यम. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला विषय घेतलाय जमिनीवर चालणाऱ्या विमानांच्या टकरीचा. सांबऱ्यावर विमानांची रांग लागलेली आम्ही काही बघितली नाही, तेव्हा सगळा कारभार वाचीव.

सुचलं ते कोलकात्यावरनं. २७ मार्च २०२४ ला तिथे धावपट्टीकडे जायची वाट बघत उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाला इंडिगोच्या विमानाचा पंख घासला. (स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली तीही तारीख २७ मार्चच, १९७७ ची. हे तो भेटेल त्याला सांगत सुटलाय.)

प्लायवुडवर पिवळी मध्यरेघ, थर्माकोलची दोन विमानं, प्रमाण १:१००. ए३२० च्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ३५.८ मीटर, म्हणून आमची ३६ सेंटीमीटर. नाकावर एचसी-एसआर०४ सेन्सर (आवाज सोडून प्रतिध्वनीवरनं अंतर मोजणारा), आत आर्डुइनो (सेन्सर आणि बझर चालवणारा छोटा बोर्ड). समोर वही धरली की बझर बोंबलतो. उभ्या विमानाच्या शेपटीजवळनं नेलं की पंख खाडकन आपटतो आणि बझर ढिम्म! दोन्ही टोकांना सेन्सर लावून बघितले, तर थर्माकोल वाकला आणि एकाचा आवाज दुसरा ऐकून उगीचच ओरडायला लागला.

वळणावर आणखी घोळ. उसाची ट्रॉली वळताना आत दाबते, हे पोराला पाठ. विमानाच्या पंखाचं टोक मात्र बाहेर जातं. सर म्हणतात, "सेन्सर वाढव." किती वाढवायचे? हजाराच्या आत बसवायचंय.

प्रतिसाद १
दादा, तो सेन्सर साधारण १५ अंशांच्या शंकूतलंच बघतो. टोक १८ सेंटीमीटर बाजूला, ते त्याला दिसणार कसं? वैमानिकाचंही तेच दुखणं आहे. मोठ्या विमानांत कॉकपिटमधून पंखाचं टोक सहज दिसत नाही, म्हणून अमेरिकेच्या एनटीएसबीनं (अपघातांची चौकशी करणारी संस्था) २०१२ मध्ये कॅमेऱ्यासारखी सोय करायला सांगितलं होतं.

सेन्सर विमानावरनं काढा, जमिनीत घाला. पुढच्या विमानाची शेपटी वाटेतनं निघाली तरच मागच्याला हिरवा, नाहीतर वाटेवर आडवी लाल दिव्यांची ओळ. धावपट्टीत शिरायच्या जागी खरोखरच असे दिवे असतात, त्याला स्टॉप बार म्हणतात. तो एटीसीच्या, म्हणजे विमानतळाच्या वाहतूक नियंत्रकांच्या, हातात असतो. आयआरची जोडी (एक डोळ्यांना न दिसणारे किरण सोडणारा, दुसरा ते पकडणारा) कुठे लावायची ते अंदाजानं ठरवू नका. पंखाच्या टोकांना खडू बांधा आणि विमान मध्यरेघेवरनं फिरवा. दोन खडूंच्या रेघांमध्ये दुसऱ्या विमानाचं काहीही यायला नको.

प्रतिसाद २
धुकंही दाखवा की. मिलानच्या लिनाटेला ८ ऑक्टोबर २००१ ला धुक्यात छोटं विमान चुकीच्या टॅक्सीवेनं (विमानं जमिनीवरनं चालत जातात त्या वाटेनं) धावपट्टीवर आलं, ११८ जण गेले. जमिनीवरचं रडार चालू नव्हतं. धुक्यात नुसती डोळ्यांची भिस्त चालत नाही, हे परीक्षकांना लगेच पटेल.

धागाकर्ता
खडूचं काल रात्री केलं. वळणावर रेघ दोन बोटं बाहेर गेली, भाच्यानं घरादाराला उठवून दाखवली! कापसाचं धुकं करायचंही ठरलं. आता एकच अडचण. आयआर उन्हात गंडतो म्हणे, आणि आमचा मंडप तीन बाजूंनी उघडा. काळ्या स्ट्रॉच्या नळीत बसवला तर चालेल का, की लेझर आणि एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) घेऊ?