जास्वंदीवरचा हा पांढरा केसाळ किडा कोण? आणि त्याचा धड फोटो कसा काढू?

गच्चीवरची_मृण्मयी
नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमच्या गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत, त्यात दोन जास्वंदी, एक लाल गावठी आणि एक डबल पाकळ्यांची. होळीच्या आसपास लाल जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला, शेंड्यांना कापूस लावल्यासारखा, कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. आता हे मला नवीन नाही, दरवर्षीचंच आहे, जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन घासत बसते झालं. पण या वेळी त्यातले काही किडे चांगले मोठे आहेत, करंगळीच्या नखाएवढे म्हणा, अंगावर लांब पांढऱ्या झिरमिळ्या, समईच्या वातीचा कापूस पिंजून चिकटवल्यासारख्या. आणि ते पळतात! ब्रश जवळ नेला की फांदीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसतात. सासूबाई म्हणाल्या, ही त्या सगळ्यांची आजी असणार, हिला आधी मार. चारपाच मारलेही मी, पण आता उगाच चुटपुट लागलीये.

फोटो टाकून विचारावं म्हटलं तर फोटोच येत नाही. पान एकदम झकास येतं आणि किड्याच्या जागी नुसता पांढरा फटक ठिपका. फोटोवरून ओळखणारं एक ॲप आहे त्याने पहिल्या फोटोला मिलीबग (म्हणजे पिठ्या ढेकूणच) सांगितलं, दुसऱ्याला कसलीतरी बुरशी आणि तिसऱ्याला चक्क कुत्र्याची एक जात 🙈 फोन साधाच आहे, मॅक्रो म्हणून वेगळा मोड आहे त्यात, तोच सगळ्यात भंगार.

तर हा कोण, आणि फवारू का? घरात निंबोळी तेल आणून ठेवलंय. तीन फोटो खाली देतेय.

बंड्या_४२
फोटो दिसत नाहीयेत.

गच्चीवरची_मृण्मयी
परत चढवले. आता?

बंड्या_४२
दिसले. पहिल्यात तुमचा अंगठा छान आलाय.

परसदार
पिठ्या ढेकूणच आहे हो, मोठा झालाय इतकंच. निंबोळी तेल ५ मिली एक लिटर पाण्यात, थोडा साबण टाका म्हणजे तेल मिसळेल, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्याने परत. विषय संपला.

शिवारातला
ताई थांबा, फवारू नका!!

तिसऱ्या फोटोत (अंगठा नाही तो) कडेला जो आहे त्याच्या झिरमिळ्या बघा, लांब आहेत, वळलेल्या आहेत, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी ओळीने निघाल्यात. ही क्रिप्टोलिमसची अळी आहे असं माझं नव्वद टक्के मत. म्हणजे ढालकिड्यांच्या खानदानातला भुंगेरा, आणि त्याचं जेवण म्हणजे तुमचा पिठ्या ढेकूण. मोठा भुंगेरा पण तेच खातो, अळी पण तेच खाते. आमच्याकडे द्राक्षाला पिठ्या ढेकूण फार छळतो, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या जाड फांदीवर) सालीखाली जाऊन बसतो तिथे औषध पोचत नाही, म्हणून लोक हे भुंगेरे विकत आणून बागेत सोडतात. तुमच्याकडे फुकट आलेत आणि तुम्ही ब्रश घेऊन मागे लागलात 😀

ओळखायचं कसं ते सांगतो. पिठ्या ढेकणाची मादी तीनचार मिमी, फार तर पाच. ही अळी वाढून तेरा मिमीपर्यंत जाते. म्हणजे ढेकणापेक्षा दुपटीतिपटीने मोठं काही दिसलं की आधी शंका घ्यायची. दुसरं म्हणजे चाल. ढेकूण सोंड खुपसून एका जागी रस पीत बसतो, हलवला तर हलतो, नाहीतर मेल्यासारखाच. अळीला शिकार शोधत फिरायचं असतं त्यामुळे ती चालते आणि बऱ्यापैकी चालते. तुम्ही स्वतःच लिहिलंय की पळतात, तिथेच मला कळलं. तरी खात्री करायची असेल तर एकीला कागदावर घेऊन हळूच उलटी करा, पायांच्या तीन जोड्या नीट दिसतील.

हे सोंग का घेतलंय त्याला कारण आहे. ढेकूण अंगातून गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि ढेकणांची राखण करतात, कोणी खायला आलं की चावून हाकलतात. या अळीच्या अंगावर मेणाची लोकर असल्यामुळे मुंग्यांचं तिच्यापुढे फारसं चालत नाही. लांडग्याने मेंढीचं कातडं पांघरल्यासारखंच.

मूळचा ऑस्ट्रेलियातला किडा आहे. १८९८ साली आपल्याकडे आणला, तो कॉफीवरच्या खवले किडीसाठी. तिथे काही फार दिवे लावले नाहीत पण दक्षिणेत पिठ्या ढेकणावर मस्त रुजला.

निंबोळी तेल-साबण वाईट नाही, पण अंगावर पडलं तर ते मित्र कोण शत्रू कोण बघत नाही. पंधरावीस दिवस हात आवरा. तोवर मुंग्यांचा बंदोबस्त करा. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर उभी करा, म्हणजे मुंग्यांना खालून चढता येणार नाही. मात्र फांदी शेजारच्या भिंतीला टेकलेली नको, नाहीतर तिकडून पूल होतो. आणि ताटलीतलं पाणी बदलत जा, नाहीतर डास पाळाल.

परसदार
नव्वद टक्के म्हणजे दहा टक्के मी बरोबर 😄

शिवारातला
काका नीट फोटो आला की तेही दहा टक्के काढून घेतो.

भिंगवाला
फोटोचं मी बोलतो. फोन बदलायची अजिबात गरज नाही.

तुमचा किडा पांढरा, मागचं पान गडद हिरवं. फ्रेममध्ये पान जास्त आहे म्हणून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि किडा जळून जातो. तोच तुमचा पांढरा फटक ठिपका. किड्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा, पान काळपट दिसेपर्यंत. पान बिघडलं तर बिघडू दे, झिरमिळ्या सुट्ट्या सुट्ट्या दिसायला लागतील.

मॅक्रो मोड विसरा. स्वस्त फोनमध्ये ती बहुतेक वेळा दोन मेगापिक्सेलची नावापुरती लेन्स असते. मेन कॅमेरा घ्या आणि उलट थोडं मागे या, एक वीतभर अंतर, मग दोन एक्स झूम. सगळे फोन नाकाला लावल्यासारखे जवळ नेतात, मग फोकस होत नाही आणि वर फोनचीच सावली पडते. याहून जवळचं हवं असेल तर घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग मिळतं, ते लेन्सवर रबरबँडने बसवा. मी पहिली दोन वर्षं त्यावरच काढली, नाव तिथूनच पडलं.

वारा हा खरा वैरी. गच्चीवर तर विचारू नका. फांदीला कपड्याचा चिमटा लावून तो काठीला बांधा. सकाळी सातच्या आत गेलात तर वाराही कमी असतो आणि किडे गारठलेले असतात, फारसे हलत नाहीत. दुपारच्या उन्हात काढायचाच असेल तर मधे ट्रेसिंग पेपर धरायला कोणालातरी उभं करा (सासूबाईंना इंटरेस्ट दिसतोय).

आणि एक, सुंदर फोटो आणि ओळखायला उपयोगी फोटो या दोन वेगळ्या गोष्टी. ओळखायला वरून एक, बाजूने एक, तोंडाकडून एक, झाड कुठलं ते कळेल असा एक, आणि शेजारी मुलाच्या कंपासातली पट्टी ठेवून एक. एकच कलात्मक फोटो टाकून लोक विचारतात हा कोण, काय सांगणार कपाळ! तुमच्या केसमध्ये तर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. चाल दिसली की निम्मा निकाल तिथेच लागतो.

सगळे फोटो आयनॅचरलिस्टवर (किडे-झाडं-पक्षी ओळखायची वेबसाइट आहे) एकाच नोंदीत टाका, तिथे सॉफ्टवेअरच्या अंदाजावर माणसं येऊन मत देतात. फक्त घरची बाग आहे तर लोकेशन धूसर ठेवायचा पर्याय निवडा, नाहीतर जास्वंदीसकट घराचा पत्ता जगाला कळतो.

कोकणातली_पाकोळी
आणखी एक भानगड सांगते, पिठ्या ढेकणाच्या घोळक्यात फुलपाखराची अळी पण सापडू शकते! एपफ्लाय नावाचं छोटंसं करड्या रंगाचं फुलपाखरू आहे, आपल्याकडे सुरवंट म्हटलं की पाला खाणारा, पण याची अळी ढेकूण खाते. तिच्याही अंगावर ढेकणांचं पांढरं पीठ बसलेलं असतं, पण झिरमिळ्या नसतात आणि ती सावकाश गोगलगायीसारखी सरकते. आणि तिचा कोष बघाल तर हुबेहूब माकडाचं तोंड, डोळे नाक सगळं. आमच्या पपईवर पहिल्यांदा सापडला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला, ती म्हणाली फेकून दे ते आधी.

त्यामुळे मृण्मयीताई पानांच्या खाली आणि दांड्यांवर पण बघा. फुगीर तपकिरी झालेले, एक गोल भोक असलेले ढेकूण दिसले तर ते पण मारू नका, ते आधीच मेलेत. आत बारीक परजीवी माशी वाढून त्या भोकातून बाहेर पडलेली असते.

गच्चीवरची_मृण्मयी
नऊ दिवसांनी येतेय, सॉरी, पोराची परीक्षा होती.

शिवारातला दादा, शंभर टक्के घ्या. पट्टीवर नऊ मिमी भरली, उलटी केली तर सहा पाय हलवत होती बिचारी, लगेच परत सोडली. व्हिडिओ दिलाय खाली. सकाळी साडेसहाला चहा घेऊन गेले होते, एका शेंड्याला ढेकणाची अंड्यांची कापसाची पिशवी होती, त्यात ही अळी तोंड घालून बसलेली, पाठीवरच्या झिरमिळ्या नुसत्या थरथरत होत्या, आपण वाटीत तोंड घालून खीर संपवतो ना तसं. पाच मिनिटांनी मागे सरली तर पिशवी चिपाडासारखी चपटी. उजेड खाली ओढायची युक्ती तर कमाल आहे भिंगवाला, पहिल्यांदा कळलं की त्या झिरमिळ्यांच्या मधे मधे पिवळसर अंग दिसतं.

काल एक मोठा भुंगेरा पण दिसला, जेमतेम चार मिमी, काळपट तपकिरी आणि डोकं नारिंगी. तोच ना? पाच कळ्या टिकल्यात. भोकवाले ढेकूण तीन सापडले, माकड मात्र नाही. सासूबाई ट्रेसिंग पेपर धरतात पण दर दोन मिनिटांनी "झालं का" विचारतात, फोटो हलतो.

मी मारल्या त्या चारपाच जणींचं मात्र वाईट वाटतंय.

शिवारातला
तोच. नारिंगी डोकं म्हणजे पक्कं. आता अंडी ढेकणांच्या कापसातच घालतील, त्यामुळे सगळे ढेकूण घासून काढू नका, थोडे राहू द्या त्यांना खायला, नाहीतर ते उपाशी कशाला राहतील, जातील दुसरीकडे.

परसदार
माझे दहा टक्के परत घ्या. गेल्या वर्षी आमच्या सीताफळावर हेच होते, मला वाटलं ढेकूण औषधाला दाद देत नाही म्हणून तीनदा फवारलं.

गच्चीवरची_मृण्मयी
काका, आपण दोघं एकाच बोटीत.

बरं आता नवीन. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शिट पडलीये, काळी-पांढरी, म्हटलं पुसून टाकावी तर ती पुढे सरकली. काडी लावली तर डोक्यातून लाल दोन टोकांची शिंगं बाहेर काढली आणि वास काय विचारू नका. वरून, बाजूने, तोंडाकडून, पट्टीसकट सगळे फोटो काढलेत, खाली टाकतेय.

बंड्या_४२
फोटो दिसत नाहीयेत.